‘बाउंड्री’ला मर्यादा म्हणू नका

एका ताईंनी विचारलं आहे: समुपदेशकांनी ‘बाउंड्री सेट करा’ असं सुचवलं. घरी येऊन त्यांनी सासूबाईंना ‘मी आता काही मर्यादा घालणार आहे’ म्हटलं, तर त्या दुखावल्या. मग मराठीत म्हणायचं काय?

दुखावणारच! मनःस्वास्थ्यावरच्या लेखांमध्ये ही ‘मर्यादा’ वाचून मी वैतागलो आहे. मर्यादा आपण पाळतो. दुसऱ्यापाशी तिचा उच्चार केला की ती दटावणी होते. दमलेल्या माणसाला तर एवढंच सांगायचं असतं, की रात्री नऊनंतर मला हाक मारू नका.

त्यासाठी आपल्याकडे ‘शीव’ आहे. ग्रामचं गाव, नामचं नाव, तशी सीमेची शीव. ‘सी’चा ‘शी’ का, तर मराठीची ती सवयच. सिध्यतिचं शिजणं पाहा. मुंबईतलं शीव म्हणजे हीच शीव, तिथे मुंबई बेट संपून पलीकडे साष्टी हे शेजारचं बेट लागायचं. दसऱ्याचं शिलंगण म्हणजे सीमोल्लंघन.

पण माझा जीव जडलाय तो सीमांतपूजनावर. वऱ्हाड गावच्या शिवेशी थांबायचं, वधूकडची मंडळी सामोरी जायची, नवरदेवाचे पाय धुऊन त्याला मानानं आत आणायची. आता हे कार्यालयातच उरकतात आणि पत्रिकेत छापतात ‘श्रीमंतपूजन’. नवरदेव विष्णुरूप म्हणून श्रीमंत, असं समर्थन करणारे विद्वानही भेटतात. ते साफ चूक आहे. शीव विसरल्यावर सुचलेली ती सारवासारव आहे. ‘सीमंतपूजन’ लिहिणारेही चुकतात. पाणिनीय परंपरेत स्पष्ट सांगितलंय, ‘सीमन्तः केशवेशे’. केसांचा भांग तो सीमंत, एरवी सीमांत. म्हणून डोहाळजेवणाच्या दिवसांतला संस्कार सीमंतोन्नयन, आणि लग्नातलं मात्र सीमांतपूजन. एका कान्यानं केवढा फरक पडतो!

शिवेवर थांबावं लागलं म्हणून वऱ्हाड रुसत नसे, कारण पाय तिथेच धुतले जात.

तेव्हा ताई, ‘घालते’ हे क्रियापद सोडा. शीव राखायची असते. ‘नऊनंतरचा वेळ माझा, तेवढी शीव मला राखू द्या,’ असं म्हणून पाहा, आणि सकाळी चहाला आपण होऊन त्यांच्याजवळ बसा. घरात लग्न निघालं, तर पत्रिका छापायला देण्याआधी ‘मां’वरचा काना तेवढा तपासून घ्या.