वेढ्याच्या आत आणि बाहेर

प्रश्न : बाई, आम्हाला एम.ए.ला जे. जी. फॅरेल यांची 'द सीज ऑफ कृष्णपूर' आहे. १८५७ च्या उठावावरची कादंबरी, पण तिच्यातले शिपाई म्हणजे लांबून दिसणारी नुसती गर्दी. सर म्हणतात, ही साम्राज्यावरची जबरदस्त टीका आहे. ज्यांच्यावर राज्य केलं त्यांनाच तोंड नसेल, तर ही टीका कसली?
– एक विद्यार्थी, कराड

उत्तर : तुझी तक्रार रास्त आहे. परीक्षेतही ती अशीच रोखठोक लिही. भरपूर बोलणारा हिंदी माणूस या कादंबरीत जवळपास एकच, महाराजांचा मुलगा हरी, आणि त्यालाही वेड विलायती विज्ञानाचं. ही उणीव आहेच. पण फॅरेलचा नेम कुणावर आहे, तेही बघ.

लखनौच्या रेसिडेन्सीला, म्हणजे इंग्रज प्रतिनिधीच्या कोठीला, १८५७ मध्ये पडलेला वेढा म्हणजे इंग्रजांनी स्वतःविषयी रचलेली वीरगाथा. मूठभर गोरे, चहूकडून शत्रू, तरी निशाण खाली आलं नाही! आतून लढणाऱ्यांत शेकडो हिंदी शिपाईही होते, ते या गाथेत मागेच राहतात. गाथेचा मान एवढा, की रेसिडेन्सीवरचा युनियन जॅक सूर्यास्तालाही उतरवत नसत. तो कायमचा उतरला ऑगस्ट १९४७ मध्ये.

फॅरेलने हाच वेढा कृष्णपूर नावाच्या काल्पनिक गावी नेला. तिथला कलेक्टर १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनाने भारावलेला. त्याची रेसिडेन्सी पुतळ्यांनी, यंत्रांनी, नवनव्या शोधांच्या नमुन्यांनी भरलेली. आपण हिंदुस्थानात प्रगती घेऊन आलो, यावर त्याची मनापासून श्रद्धा आहे, तो ढोंगी नाही. म्हणूनच ही टीका लागते. वेढा लांबतो तशा त्या वस्तू तटबंदीत रचल्या जातात, आणि गोळे संपल्यावर तोफेत भरल्या जातात. कवींच्या धातूच्या मुंडक्यांपैकी शेक्सपिअरचं नेमकं लागतं, कारण त्याला टक्कल. कीट्सचं भरकटतं, कारण कुरळे केस. या उताऱ्यावर वर्ग हसतो, पण मला नुसतं हसून पुढे जाता येत नाही. ज्या संस्कृतीचं दान द्यायला आलो म्हणून सांगायचं, तीच शिपायांची खांडोळी करते आहे. फॅरेलला जे म्हणायचं आहे, ते माझ्या मते सगळं या एका प्रसंगात आहे. कॉलऱ्यावरून भांडणारे दोन डॉक्टर, अन्नाचा लिलाव, हे त्याचेच फाटे. शेवटी कलेक्टर विलायतेत परततो तेव्हा त्याचा संस्कृतीवरचाच विश्वास उडालेला असतो.

१९७३ चं बुकर या कादंबरीला मिळालं. हा पुरस्कार देणाऱ्या बुकर कंपनीचा पैसा गयानातल्या उसाच्या मळ्यांतून आलेला. आदल्या वर्षीचे विजेते लेखक जॉन बर्जर यांनी त्याच व्यासपीठावरून त्यावर कडक टीका केली होती. फॅरेलनेही पुरस्कार घेताना कंपनीला सोडलं नाही, आणि पुढची कादंबरी सिंगापुरातल्या रबराच्या व्यापारावर लिहिली.

तर मुद्दा असा, की ही इंग्रजांनी इंग्रजांची केलेली झडती आहे. भिंतीबाहेरच्यांचं दुःख त्यातून कळणार नाही. त्यासाठी तुझ्याकडे मराठीत 'माझा प्रवास' आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेले आणि १८५८ मध्ये झाशीत सापडले. इथे वेढा घालणारे इंग्रज आणि आत कोंडलेलं आपलं शहर. तोफांचा मारा, पाण्याचे हाल, गल्लीबोळांतली कत्तल, दिवसेंदिवस चाललेली लूट, हे सगळं एका भिक्षुकाने डोळ्यांनी पाहिलं आणि कसलाही आव न आणता सांगितलं. पुस्तक छापून आलं १९०७ मध्ये.

प्रबंधिकेसाठी विषय शोधत असशील तर ही दोन पुस्तकं शेजारी ठेव. आधी गोडसे भटजी वाच, मग पुन्हा फॅरेल. उलट क्रमाने वाचलंस तर कलेक्टरची कणव आधी येईल, आणि ते मला पटत नाही.