दुधनीत पहिल्यांदा तूर घेताना

आपण सोलापूरहून दुधनीच्या बाजारात प्रथमच तूर खरेदीस निघाला आहात, म्हणून आवर्जून सांगतो. होटगीहून वाडीकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील, अक्कलकोट तालुक्यातील हे गाव कर्नाटकाच्या सीमेला लागूनच असल्याने पलीकडच्या आळंद, अफजलपूर भागातील शेतकरीही आपला माल येथे आणतात. त्यामुळे कानडीतले निदान आकडे तरी शिकून घ्या. संक्रांतीच्या सुमारास आवक वाढते, तेव्हा घाई करू नका. पोत्याच्या तोंडाशी दिसणाऱ्या दाण्यांवर विसंबण्यापेक्षा तळातील मूठभर तूर काढून एक दाणा दाताखाली धरा: कट्कन फुटला तर माल वाळलेला, दबला तर ओलसर. पहिल्या वर्षी मी ही परीक्षा टाळली आणि बारा पोती बुरशीने गेली, याची हळहळ अजून वाटते. हमाली आणि तोलाई कोणाकडे, हे सौद्याआधीच विचारा.