लिथियम बॅटरीवरून जुनी ट्युब्युलर बँक चार्ज करता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: विदर्भातल्या शेतघरात महावितरणची लाइन नाही. ३३५ वॉटची चार पॅनल एमपीपीटीवरून (पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढणारा चार्ज कंट्रोलर) २४ व्होल्ट १०० एएच (अँपिअर-तास) लिथियमला जोडलेली आहेत. जुन्या इन्व्हर्टरवर दोन १५० एएच ट्युब्युलर, म्हणजे पाणी घालायच्या लेड-ॲसिड बॅटऱ्या, सिरीजमध्ये आहेत, त्या मात्र उपाशी. दुपारी एकपर्यंत लिथियम भरते आणि पुढचं ऊन फुकट जातं. दोन्ही बँका प्लसला प्लस, मायनसला मायनस जोडू का?

नका जोडू. मध्ये बक-बूस्ट प्रकारचा, म्हणजे व्होल्टेज कमी (बक) आणि जास्त (बूस्ट) दोन्ही करू शकणारा, २४-२४ डीसी-डीसी चार्जर लावा, साधारण ४०० वॉटचा, आणि तो फक्त ऊन असतानाच चालेल असं बघा.

थेट जोडल्यावर पहिल्या क्षणी काय होतं ते बघा. भरलेली लिथियम २६.६ व्होल्टवर असते, अर्धी उतरलेली ट्युब्युलर २४.२ वर. फरक २.४ व्होल्ट. केबल, लग आणि बॅटऱ्यांचा आतला रोध मिळून २० मिलिओहम धरा, म्हणजे १२० अँपिअर. १५० एएचच्या ट्युब्युलरला १५ ते २० अँपिअर पुरेत. बीएमएस (लिथियम पॅकमधलं संरक्षण सर्किट) ट्रिप होईल, किंवा लग (केबलच्या टोकाची पकड) गरम होऊन काळा पडेल. हा पहिला धक्का टाळून जोडलं तरी चार्जिंग नीट होत नाहीच. दोन टाक्या तळाशी पाइपने जोडल्या की पाणी एका पातळीला येऊन थांबतं, तसंच हे. ट्युब्युलर पूर्ण भरायला २८.८ व्होल्टवर काही तास लागतात, आणि ऊन ओसरलं की लिथियम तर २६.६ लाच येऊन बसते. ट्युब्युलर कायम ऐंशी-नव्वद टक्क्यांत लटकते आणि प्लेटांवर सल्फेट धरतं. काही जण मुद्दाम असं पॅरलल चालवतात आणि त्यांचं चालतंही, पण एखाद्या दिवशी ट्युब्युलरला इक्वलायझेशन (सगळे सेल एका पातळीला आणायला मुद्दाम दिलेलं जास्त व्होल्टेजचं चार्जिंग) द्यायचं म्हणून ३१ व्होल्ट चढवले की लिथियमचा बीएमएस २९.२ च्या आसपासच तुटतो. तेव्हा लोड चालू असेल तर इन्व्हर्टरला बसणारा झटका वेगळा.

आता वस्तू कोणती घ्यायची. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात किंवा ऑनलाइन स्वस्तात मिळणारे बूस्ट बोर्ड, ज्यांवर व्होल्टेज आणि करंट असे दोन पोटेन्शिओमीटर (फिरवायचे स्क्रू) असतात, ते इथे चालत नाहीत. कारण समजून घ्या. साध्या बूस्टमध्ये इनपुटपासून आउटपुटपर्यंत कॉइल आणि डायोड अशी सरळ वाट असते. इनपुट २६.६ आणि समोरची बॅटरी २४.२ असली की करंट त्या वाटेने थेट वाहतो आणि 'करंट लिमिट'चा स्क्रू कितीही फिरवा, काही फरक पडत नाही. आधी डायोड जातो, मग बोर्ड. नुसता बक घेतला तर २६.६ वरून २८.८ कधीच बनणार नाहीत. म्हणून बक-बूस्ट, किंवा आयसोलेटेड (इनपुट-आउटपुटमध्ये थेट जोड नसलेला). बॅटरी चार्जिंगचे टप्पे, म्हणजे बल्क (पूर्ण करंटने भरणं), ॲब्सॉर्प्शन (ठरलेल्या व्होल्टेजवर धरून पूर्ण भरणं) आणि फ्लोट (भरल्यावर कमी व्होल्टेजवर राखणं), त्यात असायला हवेत. व्हिक्ट्रॉनचा ओरायन-टीआर स्मार्ट २४/२४-१७ या मापाचा आहे. महाग आहे, पण सुरू आणि बंद होण्याचं व्होल्टेज त्यात सेट करता येतं, आणि इथे सगळी मदार त्यावरच आहे.

जोडणी. ४०० वॉट आउटपुट म्हणजे २८ व्होल्टला १४ अँपिअर. इनपुटला सुमारे ४५५ वॉट, १८ अँपिअरच्या आसपास. दोन मीटर अंतराला १० स्क्वेअर एमएम तांब्याची केबल घ्या. जाऊन-येऊन चार मीटरला ०.१३ व्होल्ट पडतात. ६ स्क्वेअर एमएमला ०.२२ पडतात, आणि सेटिंगमध्ये हा फरक नडतो. दोन्ही टोकांना, प्रत्येक बॅटरीच्या प्लसजवळ, ३० अँपिअरचा डीसी फ्यूज हवा. घरातली एसी एमसीबी इथे लावू नका, डीसीची ठिणगी तिच्यात विझत नाही.

लिथियम पॅक गावाकडे जुळवून घेतलेला असेल तर अजून एक गोष्ट तपासा. अशा पॅकमध्ये बीएमएस बहुधा मायनसच्या बाजूला असतो आणि त्यावर बी-मायनस, पी-मायनस अशी दोन टोकं असतात. चार्जरचा मायनस पी-मायनसवरूनच घ्या. बी-मायनसला लावलात तर बीएमएसला वळसा पडतो आणि सेल रिकामे होत असताना तो काहीच तोडू शकत नाही.

खरी मेहनत सेटिंगची. लिथियमच्या एमपीपीटीवर ॲब्सॉर्प्शन २८.४ आणि फ्लोट २७.६ ठेवा. डीसी-डीसी २७.४ ला सुरू, २६.६ ला बंद, मध्ये मिनिटभराचा डिले. २७.४ व्होल्ट फक्त पॅनल जोर लावत असताना दिसतात. ढग आला आणि लोड लिथियमवर गेलं की मीटर २६.५ च्या आसपास उतरतो आणि चार्जर आपोआप थांबतो. इथे हमखास होणारी चूक म्हणजे फ्लोट २७.० ठेवणं. पहिल्या ढगाला चार्जर बंद होतो, ऊन परत येतं, एमपीपीटी मात्र २७.० च्या वर जात नाही, आणि चार्जर दिवसभर झोपून राहतो. लोक मग चार्जरच खराब म्हणून परत करतात. उलट सकाळी दहालाच, लिथियम अर्धी असताना, चार्जर सुरू होत असेल तर त्याच्या रिमोट ऑन-ऑफ टर्मिनलला एक टायमर लावा आणि बारानंतरच परवानगी द्या.

ट्युब्युलरच्या बाजूला ॲब्सॉर्प्शन २८.८, फ्लोट २७.०. हे आकडे २५ अंशांचे. एप्रिल-मे मध्ये पत्र्याच्या खोलीत ४० अंश असतात आणि या चार्जरना बहुधा बॅटरीचा तापमान सेन्सर नसतो. दर सेलला दर अंशाला ४ मिलिव्होल्ट कमी, बारा सेल, १५ अंश, म्हणजे ०.७ व्होल्ट. उन्हाळ्यात हाताने २८.१ करा, नाहीतर दर आठवड्याला डिस्टिल्ड वॉटर ओतत बसाल.

यातून मिळतं किती? एक ते पाच असे चार तास, १४ अँपिअरने ५६ एएच, शेवटी करंट उतरतो आणि थोडं वाया जातं, म्हणून ४५ एएच धरा. साधे ७५ वॉटचे दोन पंखे रात्री आठ तास चालवले तर इन्व्हर्टरच्या तोट्यासह ५८ एएच जातात. हिशोब तुटीचा. तेच ३० वॉटचे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस मोटरचे) पंखे असतील तर २३ एएच. आधी पंखे बदला, असं मी म्हणेन.

आणि तोटा विसरू नका. लिथियममधून निघालेल्या १००० वॉट-तासांपैकी डीसी-डीसीतून ८८० पुढे जातात, ट्युब्युलरमधून परत मिळतात ७०० च्या आसपास. फुकट जाणाऱ्या उन्हावर हे परवडतं, रात्री साठवलेल्या विजेवर मुळीच नाही. तुमच्या जागी मी आधी दोन जुनी पॅनल आणि २० अँपिअरचा वेगळा चार्ज कंट्रोलर थेट ट्युब्युलरला देता येतो का ते बघितलं असतं. स्वस्तही पडतं आणि मधला तोटा वाचतो. छपरावर जागा नसेल तर मग डीसी-डीसी.

एका इन्व्हर्टरच्या आउटपुटवरून दुसऱ्याचं मेन्स इनपुट द्यायचा जुगाडही चालतो, पण जुन्या इन्व्हर्टरला मेन्स दिसली की तो चार्जिंगबरोबर आपलं सगळं लोडही पुढे ढकलतो. चार्जिंगचे ४५० वॉट धरून बसाल आणि नव्या इन्व्हर्टरवर पंखे, मिक्सर, टीव्ही सगळं येईल.

बसवल्यावर दोन आठवड्यांनी संध्याकाळी हायड्रोमीटरने (ॲसिडची घनता मोजायचं साधन) बाराही सेल तपासा. सगळे लेबलवरच्या आकड्याच्या जवळ आले तर सेटिंग बरोबर. एखादाच सेल तीस-चाळीस पॉइंटने मागे असेल तर तो जुना रोग आहे. त्याला इक्वलायझेशन द्या, पण त्याआधी डीसी-डीसीचे दोन्ही फ्यूज काढून ठेवा.