कॅमेरा इतका हलतो की डोकं दुखतं, तरी 'व्ही/एच/एस'सारखे भुताचे सिनेमे लोक का बघतात?

डोकं दुखतं हे तुमचं म्हणणं खरंच आहे. २०१२ चा पहिला 'व्ही/एच/एस' बघताना मीही मध्येच उठून पाणी पिऊन आलो होतो.

आमचं गाव चोपडा तालुक्यात, केळीचं. थ्री फेज लाईट रात्रीची असली की ठिबकचे व्हॉल्व्ह बदलायला बारा-एकला मळ्यात जावं लागतं. हातात बॅटरी. तिचा गोल जेवढा, तेवढंच जग. डावीकडे वाळलेलं पान खसखसलं की बॅटरी तिकडे वळवायची, अन् वळवली की उजवीकडे पुन्हा काळोख. भीती त्या उजवीकडची वाटते. फाउंड फुटेजमध्ये, म्हणजे पात्रांनीच शूट केलेलं अन् नंतर सापडलेलं चित्रण म्हणून दाखवलेल्या सिनेमात, नेमकं हेच होतं. पहिल्या भागातली एक गोष्ट तर चष्म्यात लपवलेल्या कॅमेऱ्यातून दिसते. घाबरलेला पोरगा बघेल तिकडेच आपण बघायचं.

आता 'व्ही/एच/एस'च्या एकेका सिनेमात चार-पाच सुट्या गोष्टी असतात, त्या कशाला? लहानपणी उन्हाळ्यात आम्ही घराच्या धाब्यावर, म्हणजे छतावर झोपायचो, तेव्हा एकाचा मुंजा, दुसऱ्याचा चकवा असं चालायचं. एखाद्याची गोष्ट रटाळ निघाली तरी पुढचा तयारच असायचा. (या सिनेमांतही एखादी रटाळ निघतेच.) प्रत्येक गोष्ट 'मन्हा मामानी सोता दखेल शे' (माझ्या मामानं स्वतः बघितलंय) म्हणूनच सुरू व्हायची, आणि मामा तापानं फणफणला की संपायची. ते काय होतं, कुठून आलं, कोणी विचारत नसे. इथे मामाच्या जागी कॅमेरा आहे. तो खाली पडला की गोष्ट संपली.

शिवाय दीड तासाच्या सिनेमात 'अरे, कॅमेरा टाकून पळत का नाही?' हा प्रश्न छळतो. वीस मिनिटांत तो सुचेपर्यंत पोरं मेलेली असतात.

सुरुवात दुसऱ्या भागातल्या (२०१३) 'सेफ हेवन'पासून करा. डॉक्युमेंटरी करणारी मंडळी इंडोनेशियातल्या एका पंथाच्या आवारात शिरतात, एवढंच सांगतो. भूत नकोच असेल तर आपल्याकडचा 'लव्ह सेक्स और धोखा' (२०१०) आहे. तीन गोष्टी, त्यातली एक दुकानातल्या सीसीटीव्हीतून.

आणि मोबाईलवर बघा, डोकं कमी दुखतं. 'सेफ हेवन' मी मळ्यातल्या मोटारीच्या खोलीत बसून बघितली. त्या रात्री व्हॉल्व्ह बदलायला गेलोच नाही. सकाळी वडिलांना सांगितलं, लाईट नव्हती.