जिन्यावरची ओळख

"मॅडम, पाच वर्षं झाली इथे येऊन. नोकरी आहे, घर आहे, मुलं शाळेत रमलीत. तरी हे गाव आपलं वाटत नाही. माझ्यातच काही कमी आहे का?"

मी समुपदेशन करते. २०२० आणि २०२१ मध्ये देश सोडलेली माणसं मला हा प्रश्न अजूनही विचारतात. त्यांना मी मृणालबद्दल सांगते. नाव बदललं आहे, ओळख पटेल असे तपशीलही बदललेत, आणि लिहायला तिची परवानगी आहे.

मृणाल माहेरची कोल्हापूरची. लग्नानंतर पुण्यात आली, एका शाळेत गणित शिकवायची. नवऱ्याला जर्मनीत श्टुटगार्टला गाड्यांच्या कारखान्यात काम मिळालं आणि ऑक्टोबर २०२० मध्ये चार वर्षांच्या मुलाला घेऊन दोघं तिथे पोचले. कोरोनाच्या साथीमुळे २ नोव्हेंबरला हॉटेलं बंद झाली. डिसेंबरच्या मध्यावर रात्री आठ ते पहाटे पाच विनाकारण घराबाहेर पडायला मनाई झाली, आणि १६ तारखेपासून शाळा, बालवाड्या, बहुतेक दुकानं बंद. जानेवारीत नियम आला की एका घरातल्यांनी दुसऱ्या घरातल्या एकाच माणसाला भेटायचं. तिची नणंद २०१२ पासून त्याच भागात राहत होती, पण तिलाही भेटायचं तर एकटीनं, नवऱ्याला घरी ठेवून.

जानेवारीच्या शेवटी आम्ही पहिल्यांदा स्क्रीनवर भेटलो. मी आधी झोप, भूक आणि जीव नकोसा होण्याचे विचार, या तीन गोष्टी विचारल्या. झोप उशिरा लागायची, बाकी तसं काही नव्हतं. असतं तर बोलणं पुढे नेण्याआधी मी तिला तिथल्या डॉक्टरांकडे पाठवलं असतं. हे वाचणाऱ्या कुणाच्या मनात तसे विचार येत असतील तर त्यांनीही आधी तेच करावं. खरंच.

ती रडत नव्हती. मोजूनमापून बोलत होती. "तक्रार करायला मला तोंड नाही, मॅडम. आमच्या हौसेनं आलोय. तिकडे माणसं आजारी पडतायत आणि मी इथे सुखरूप बसून कुढतेय. नणंद म्हणते, सहा महिन्यांत रुळशील, आम्ही नाही का रुळलो?"

मी तिला वेळापत्रक दिलं. सकाळी चालणं, ऑनलाइन जर्मनचा वर्ग, मुलाबरोबर एक खेळ, रात्री वहीत चार ओळी. गणिताची शिक्षिका ती, तिनं सगळं नेटानं पाळलं. पंधरा दिवसांनी चेहरा आणखी उतरलेला. म्हणाली, "सगळं केलं. पण कुणात मिसळायला करतेय, तेच कळत नाही." मी घाई केली होती. तिला शिस्त कमी पडत नव्हती.

मग मी तिला आदला दिवस तासातासानं सांगायला लावलं. जर्मनीतली सकाळ आठला होते तेव्हा आपल्याकडे साडेबारा वाजलेले असतात. आठला आईला फोन. आई स्वयंपाक करतेय, ही ऐकतेय. मग बहीण, मग शाळेतली मैत्रीण, दुपारी पुन्हा आई. डिसेंबर-जानेवारीत तिथे साडेचार-पाचला अंधार पडतो. आणि आपल्याकडे साडेदहाला घर निजतं तेव्हा श्टुटगार्टमध्ये संध्याकाळचे सहा वाजलेले असतात. नवरा आतल्या खोलीत अजून कामात.

"सहानंतर काय करता?"

"सहानंतर काही नाही."

कोल्हापूरच्या मंडईत मेथीची जुडी कितीला आहे ते तिला ठाऊक होतं. समोरच्या दारामागे कोण राहतं ते ठाऊक नव्हतं.

ही तिची चूक नव्हती, आणि ते तिला नीट समजावणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. माणूस नव्या गावात रुळतो तो जिवलगांच्या जोरावर नाही, अर्ध्यामुर्ध्या ओळखींच्या जोरावर. रोजचा दुकानदार, बालवाडीच्या फाटकाशी उभी राहणारी दुसरी आई, त्याच बसला चढणारे गृहस्थ. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञानं १९७३ मध्येच दाखवलं होतं की अशा पातळ ओळखींतूनच आपल्या वर्तुळाबाहेरची माहिती आणि संधी आपल्यापर्यंत येतात. माझ्या अनुभवात त्यांतून आणखी एक गोष्ट येते. कुणीतरी आपल्याला तोंडओळखीनं ओळखतं, आपण दिसलो नाही तर त्याच्या लक्षात येतं. साथीनं नेमक्या याच ओळखी काढून घेतल्या. जिवलग स्क्रीनवर शाबूत राहिले. फाटक, बस, दुकानातली रांग गेली. जे उरलं ते मास्कमागे. नवी भाषा शिकणाऱ्याला तर समोरच्याचे ओठही दिसेनात.

परदेशी गेलेल्यांबद्दल मानववंशशास्त्रज्ञ कालेर्वो ओबर्ग यांनी १९६० मध्ये टप्पे मांडले होते. पहिला टप्पा सगळं नवलाचं वाटण्याचा. मग चिडचिड, घरची ओढ, आणि हळूहळू जम. सगळ्यांचं या क्रमानं होतं असं मी म्हणणार नाही, पण नवलाईच्या दिवसांची शिदोरी पुढे पुरते, हे मी पाहिलं आहे. नणंदेला ती मिळाली होती. मृणालला बंद शटर आणि काळोख मिळाला. दोघींची तुलना करणंच अन्यायाचं होतं. हे सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा रडली.

पुढचं सांगणं तिला कठोर वाटलं. मी म्हटलं, सकाळचा फोन बंद करा. घरी बोलायचं दिवसातून एकदा, तेही तुमच्या साडेचारला, अंधार पडताना. "आईला वाटेल मी तोडतेय," ती म्हणाली. आठवड्याभरानं आईला धीर करून सांगितलं. आई म्हणाली, "बरं झालं बाई, दुपारचं जरा पाठ टेकता येईल मला." दोघी एकमेकींसाठी फोन धरून बसल्या होत्या.

पण रिकाम्या झालेल्या सकाळी भेटायचं कुणाला? बाहेर तर सगळं बंद.

उत्तर तिच्याच बोलण्यातून निघालं. नोव्हेंबरमध्ये एकदा तिच्या दाराला कुणीतरी पाटी अडकवून गेलं होतं. कुकरच्या शिट्ट्यांची तक्रार असणार, म्हणून ती दिवसभर धास्तावून बसली. संध्याकाळी नवऱ्यानं वाचलं: 'केरवोखे'. श्टुटगार्टकडच्या भागात ही जुनी रीत आहे. इमारतीचा जिना आणि दारापुढची फरसबंदी भाडेकरूंनी आठवड्याआठवड्याच्या पाळीनं झाडायची. पाळी संपली की पाटी पुढच्या दाराला. "आपला केरच आहे त्यात," मृणाल म्हणाली आणि किंचित हसली. केरन म्हणजे झाडणं, वोखे म्हणजे आठवडा. पण ती जिना झाडायची रात्री उशिरा. कुणी भेटू नये, भाषेची पंचाईत होऊ नये म्हणून.

मी एवढंच मागितलं: पाळीच्या आठवड्यात शनिवारी सकाळी दहाला झाडा. जर्मन बोलायचं नाही, मैत्री करायची नाही. "ग्र्यूस गॉट" म्हणायचं आणि झाडत राहायचं.

पाळीच्या पहिल्या शनिवारी तीन माणसं जिन्यावरून गेली आणि तिघांनीही नमस्काराला उत्तर दिलं. दुसऱ्या पाळीला खालच्या मजल्यावरच्या आजी दार उघडून उभ्या राहिल्या, कठड्याकडे बोट दाखवून म्हणाल्या की तोही पुसायचा असतो. मृणालला राग आला. मला मात्र आनंद झाला. इतक्या महिन्यांत त्या इमारतीतल्या कुणी तिच्याकडून पहिल्यांदाच काही अपेक्षा धरली होती. पाहुण्याला कुणी कठडा पुसायला सांगत नाही.

मग एप्रिल आला. महाराष्ट्रातल्या दुसऱ्या लाटेनं तिच्या मामांना गाठलं. याच मामांनी तिला सायकल शिकवली होती. ऑक्सिजनचा बेड मिळवायला ती श्टुटगार्टहून रात्र-रात्र फोन लावत होती. जर्मनीनं २६ एप्रिलपासून भारतातून येणाऱ्यांवर कडक निर्बंध घातले. तिथे राहणाऱ्यांना परतता येत होतं, पण चौदा दिवस विलगीकरणात. लहान मुलाला घेऊन ती निघू शकली नाही. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मामा गेले.

त्या सत्रात मी जवळजवळ काही बोलले नाही. ती म्हणाली, "मी इथे भाजी आणते, मुलाला न्हाऊ घालते, आणि इथे कुणालाच माहीत नाही की माझा मामा गेला. जणू इथे तो गेलेलाच नाही." दूर राहून दुःख करणाऱ्यांकडून मी हे पुढेही खूपदा ऐकलं. दहावा, तेरावा, भेटायला येणारी माणसं ही दुःखाला साक्षीदार देण्याची आपली रीत आहे. परक्या गावात ती साक्ष मिळत नाही आणि दुःख खोळंबून राहतं. मी तिला विचारलं, तिथल्या एका तरी माणसाला सांगता येईल का? तिनं मान हलवली. भाषा नव्हती.

त्याच आठवड्यात तिची पाळी होती. शनिवारी दहाला ती झाडू घेऊन बाहेर पडली. आजींनी तिच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि काहीतरी विचारलं. मृणालला तीन शब्द सुचले. "ओंकेल. टोट. इंडियन." मामा. मेला. भारत. आजी दोन पायऱ्या खाली, अंतर राखून, भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. काही बोलल्या नाहीत, गेल्याही नाहीत. मृणाल झाडू धरून रडली. दहा मिनिटं, ती म्हणाली, कदाचित जास्तच.

आमची सत्रं ऑक्टोबर २०२१ मध्ये थांबली. तेव्हाही ती म्हणत होती की इथला हिवाळा मला कधी आवडणार नाही. जर्मनची पुढची परीक्षा राहिली होती, नोकरी दूर होती. पण सहानंतरची वेळ आता रिकामी नव्हती. बालवाडीतल्या एका तुर्की आईबरोबर ती चालायला जायची. दोघींचं जर्मन सारखंच मोडकं, त्यामुळे दोघींना ते समजायचं. मामांच्या घरी ती डिसेंबरात जाऊन आली. मामींजवळ ओट्यापाशी बसल्यावर तिनं काय सांगितलं, ते तिनं मला कळवलं. बेड मिळाला नाही हे नाही, विमान मिळालं नाही हेही नाही. तिनं त्यांना जिन्यावरच्या आजींबद्दल सांगितलं.