अंगणातला दिवाण: वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात मी एका ओळीत लिहिलं होतं की बाहेर ठेवायचा दिवाण घरी करता येतो आणि तो चांगला टिकतो. त्या ओळीवर बरीच पत्रं आली. त्यातली काही निवडून उत्तरं देते आहे. पहिल्याला जास्त जागा दिली आहे, कारण बाकीच्या बऱ्याच प्रश्नांची मुळं त्यात आहेत.

प्रश्न: घरामागे छोटं फरसबंद अंगण आहे. आई पंचाहत्तरीची आहे. दुपारी तिला तिथे आडवं व्हायला आवडतं. तिच्यासाठी दिवाण स्वतः करायचा आहे. करवत आणि ड्रिल चालवता येतं, पण सुतारकाम शिकलेलो नाही. मापं कशी धरू?

आईसाठी करताय, म्हणून उंचीपासून सुरुवात करा. बाकी सगळं नंतर.

मी पहिला दिवाण बाबांसाठी केला. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर त्यांना घरात कोंडल्यासारखं वाटत होतं. एका चित्रात पाहिलेला बुटका, पसरट दिवाण मला फार आवडला होता, तसाच केला. गादी धरून उंची १२ इंच. बाबा त्यावर पहिल्या दिवशी दोन तास झोपले आणि मी खूश झाले. चौथ्या दिवसापासून ते बाहेर यायचेच बंद झाले. का, ते सांगेनात. एकदा मी खिडकीतून पाहिलं: उठताना ते आधी कुशीवर वळत, मग दोन्ही हात फरशीवर टेकत आणि कुणी पाहत नाही ना म्हणून इकडेतिकडे बघत. त्याच संध्याकाळी मी खुरांखाली सहा-सहा इंचांचे ठोकळे बसवले. दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा दिवाणावर होते.

म्हणून आधी हे करा. घरातल्या ज्या खुर्चीवरून आई हात न टेकता सहज उठते, तिच्या बैठकीची जमिनीपासूनची उंची मोजा. बहुतेक मोठ्या माणसांना १७-१८ इंच ठीक पडतात. गुडघे दुखत असतील तर १९-२०. समजा माप १९ आलं आणि ४ इंचांचा घट्ट फोम घालणार आहात. बसल्यावर तो साधारण इंचभर दबेल, म्हणजे गादीखालच्या आडव्या पट्ट्यांची वरची बाजू जमिनीपासून १६ इंचांवर हवी. एका टोकाला बैठकीपासून आठ-नऊ इंच उंच, न हलणारा हात द्या. उठताना त्यावर अंगाचा भार पडणार आहे. तो शोभेपुरता लावलात तर नसलेलाच बरा.

लांबी म्हणजे आईची उंची अधिक सहा-आठ इंच. रुंदी ३० इंच पुरते, पण कूस बदलायची तर ३६ हवीत. एवढ्या खोल बैठकीवर टेकून बसलं तर पाय लोंबकळतात, त्यासाठी पाठीमागे जाड लोड ठेवा. लोडाच्या पुढे २० इंच जागा उरली की बसणंही जमतं. आणि गादी आधी ठरवा, चौकट नंतर. लाकूड कापून झाल्यावर त्या मापाची गादी शोधत फिरण्यात काही अर्थ नाही.

आता सांधे. कूस आणि खोबण, म्हणजे एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवायचा सांधा, काढायला सराव लागतो, त्यामुळे तुम्ही तो नाद करू नका. प्रत्येक खूर दोन फळ्यांचा करा: बाहेरची फळी पूर्ण उंचीची, आतली आखूड. चौकटीची लांब बाजू आतल्या फळीच्या डोक्यावर टेकवा आणि बाहेरच्या फळीतून नटबोल्टने आवळा. म्हणजे वजन लाकडावर येतं. बोल्ट फक्त दोघांना एकत्र धरून ठेवतो. बाजू नुसत्या स्क्रूंवर टांगलेले दिवाण पाहिले आहेत मी, वर्षभरात करकरायला लागतात. दोन फळ्या एकमेकींना जोडताना मध्ये पाण्याने न सुटणारा, बाहेरच्या कामाचा गोंद लावा, नाहीतर त्या फटीतच ओल धरेल.

लांब बाजूची पट्टी उभी बसवा, आडवी नको. पट्टीचा ताठपणा तिच्या उंचीच्या घनाप्रमाणे वाढतो. उंची दुप्पट केली की ताठपणा आठपट. म्हणून दीड इंच जाड आणि ५ इंच उंच पट्टी उभी लावली तर दोन माणसांखाली हूं की चूं करत नाही. तीच आडवी टाकली तर एकाखालीही वाकते. मधोमध लांबीच्या दिशेने अजून एक उभी पट्टी द्या आणि तिला स्वतःचा एक खूर द्या. गादीखालच्या पाऊण इंच जाडीच्या पट्ट्यांना ३६ इंचांचं अंतर एकटीने पेलणं जड जातं, मधला आधार मिळाला की ते १८ वर येतं.

वरच्या पट्ट्या ३ इंच रुंद, मधली फट तीन सूत (आठ सूत म्हणजे एक इंच). फट मोजत बसू नका. तीन सुतांचा लाकडाचा तुकडा करून घ्या आणि तो मध्ये धरत पुढे जा. बोल्ट पक्के आवळण्याआधी चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. सारखे आले तर चौकट काटकोनात आहे. नाही आले तर लांब कर्णाच्या दिशेने दाबा आणि पुन्हा मोजा.

प्रश्न: सागवानाऐवजी पाईन चालेल का? आणि इतक्या पट्ट्या कापण्यापेक्षा वर एकच प्लायवूड टाकलं तर?

पाईन चालेल, पण कारखान्यात दाबाखाली औषध मुरवलेलं घ्या. ते कापलंत की कापलेल्या तोंडाला पुन्हा औषध लावा, कारण आतपर्यंत ते सगळीकडे पोचलेलं असतंच असं नाही. सागवान घेणार असाल तर सोनेरी-तपकिरी गाभ्याचंच घ्या. सालीलगतचा फिकट भाग सागाचाच असतो, पण बाहेर टिकण्याच्या बाबतीत तो साधारण लाकडासारखाच. "सागवान आहे" एवढ्यावर समाधान मानू नका, प्रत्येक फळी उलटसुलट करून बघा.

प्लायवूडला मात्र माझा ठाम नकार. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला लाकडात साधारण २० टक्क्यांहून जास्त ओल लागते. त्याखाली ती वाढत नाही. म्हणजे लाकूड भिजलं म्हणून लगेच कुजत नाही. भिजून वाळलं नाही की कुजतं. पट्ट्यांच्या फटींतून पाणी खाली जातं आणि खालून वारा वर येतो. प्लायवूडवर गादी टाकली की दोघांच्या मध्ये ओल अडकते. बाबांच्या त्याच दिवाणाला मी आधी प्लायवूडचाच तळ दिला होता. पावसाळा संपल्यावर गादी उचलली तर खाली काळ्या बुरशीचा थर, आणि कडेचे पापुद्रे बोटाने सुटत होते. तळाला भोकं पाडा असंही काही जण सुचवतात. भोकं पाडली की प्लायवूडच्या कडा अजून वाढतात, आणि पाणी कडेतूनच आत शिरतं.

प्रश्न: सामान वाहून आणायच्या लाकडी पॅलेटचा दिवाण करणं सुरक्षित आहे का?

शिक्का वाचा. एका देशातून दुसऱ्या देशात जाणाऱ्या लाकडी पॅलेटवर 'आयएसपीएम १५' या नियमाप्रमाणे प्रक्रियेचा शिक्का मारलेला असतो. त्यात 'एचटी' असेल तर लाकूड तापवलेलं आहे: गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सियस, सलग ३० मिनिटं. ते वापरा. 'एमबी' असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे, ते पॅलेट घरी आणू नका. शिक्काच नसेल, किंवा लाकडावर तेलाचे, रसायनाचे डाग किंवा उग्र वास असेल, तर त्यावर माणूस झोपणार आहे हे लक्षात ठेवून सोडून द्या.

एक गैरसमजही दूर करते. तापवल्याने लाकडातली कीड मरते, पण लाकूड टिकाऊ होत नाही. पॅलेटचं लाकूड बहुतेकदा साधंच असतं, त्यामुळे ते छपराखालीच ठेवा. फळ्यांमधल्या फटींत बोटं अडकतात आणि कडा कुसळं सोडतात. रंधा मारण्याआधी एकूण एक खिळा काढा, नाहीतर पातं गेलंच म्हणून समजा.

प्रश्न: मेहनतीने तीन हात व्हार्निश दिलं. वर्षभरात पोपडे सुटले. चूक कुठे झाली?

तुमची चूक फारशी नाही. उन्हातली अतिनील किरणं लाकडाच्या तंतूंना धरून ठेवणारं लिग्निन तोडतात. वरचा थर पारदर्शक असला की किरणं त्यातून आत जातात, खालचं लाकूड सुटतं आणि व्हार्निशची पकडच जाते. त्यात लाकूड आडव्या दिशेने फुगतं-आकसतं, थर चिरतो, चिरेतून पाणी आत जातं आणि तिथेच कोंडतं. बाहेरच्या कामाचं, अतिनील किरणं अडवणारं व्हार्निश जास्त दिवस टिकतं, पण तेही दर एक-दोन वर्षांनी घासून पुन्हा द्यावं लागतं.

मी तेल लावते. तेलाचा जाड थर बसत नाही, त्यामुळे पोपडा सुटायचा प्रश्न येत नाही. रंग उतरला की पुसून पुन्हा लावायचं, बस. सागवानाला तर काहीच न लावता सोडलं तरी चालतं, ते चंदेरी-राखाडी होतं इतकंच. काहीही लावा, पण फळ्यांची कापलेली टोकं विसरू नका. लाकडातल्या नळ्या तिथे उघड्या असतात आणि पाणी बाजूंपेक्षा कितीतरी वेगाने आत ओढलं जातं. टोकांना दोन-तीन हात जास्त द्या, खुरांच्या तळव्यांना तर नक्कीच.

आणि हे अगदी जीव तोडून सांगते: जवसाचं तेल पुसलेलं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ते तेल वाळताना हवेतला प्राणवायू घेतं आणि उष्णता सोडतं. बोळ्यात ती उष्णता साठत जाते आणि फडकं ठिणगीशिवाय पेटतं. फडकं उघडं पसरून बाहेर वाळू द्या, किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा.

प्रश्न: स्क्रूंच्या भोवती काळे डाग पडलेत.

साधे लोखंडी स्क्रू वापरलेत. लाकडातलं टॅनिन आणि लोखंड ओलाव्यात भेटले की काळा रंग तयार होतो. ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे घ्या, समुद्राजवळ राहत असाल तर ३१६ प्रतीचे. ते कडक केलेल्या पोलादी स्क्रूंपेक्षा नरम असतात, म्हणून आधी बारीक भोक पाडल्याशिवाय पिळू नका, मुंडी तुटून हातात येते.

प्रश्न: गादी पावसात भिजते आणि चार-चार दिवस ओली राहते. कुठला फोम घ्यावा?

घरातल्या गादीचा फोम पाणी पितो आणि धरून ठेवतो. बाहेरच्यासाठी मोठ्या, मोकळ्या छिद्रांचा फोम मिळतो. त्यावर पाणी ओतलं तर खालून निथळून जातं. तो घेतलात तर खोळीचा तळ जाळीच्या कापडाचा शिवून घ्या. वरून पाणी येणार आणि खाली वाटच नाही, असं झालं तर महागाच्या फोमचा काही उपयोग नाही. खोळीला कापड घेताना रंग धाग्यातच मुरवलेलं ॲक्रिलिक मागा. वरून रंगवलेलं कापड उन्हात विटतं. सुती नको, बुरशी धरतं. घरचाच फोम वापरायचा असेल तर रोज संध्याकाळी आत न्या. गादी प्लास्टिकमध्ये गुंडाळून बाहेर ठेवण्याचा उपाय मात्र करू नका, आतल्या आत घाम धरतो.

प्रश्न: वर कापडी छत लावावं का?

लावा, पण काढता येईल असं. वाऱ्यात ते शिडासारखं फुगतं आणि हलका दिवाण कलंडवू शकतं. छताचे खांब दिवाणापासून वेगळे, जमिनीत पक्के रोवलेले असतील तर उत्तम.

प्रश्न: सहा वर्षांपूर्वी केलेला दिवाण राखाडी पडलाय, एक खूर डुगडुगतो. मोडीत काढू का?

आधी स्क्रूड्रायव्हर घ्या आणि खुरांच्या तळाशी, सांध्यांजवळ, पट्ट्यांच्या टोकांशी टोचून बघा. राखाडी रंग वरवरचा असतो. मऊ ब्रशने, रेषांच्या दिशेने साबणाच्या पाण्याने घासलंत आणि वाळल्यावर काचपेपर मारलात की खालून ताजं लाकूड निघतं. स्क्रूड्रायव्हरचं टोक जिथे लोण्यात शिरावं तसं आत जाईल तेवढाच भाग बदला.

डुगडुगण्याचं कारण कदाचित खुरात नसेलच. अंगणाच्या फरशीला पाणी वाहून जायला उतार दिलेला असतो आणि तो सगळीकडे सारखा नसतो, त्यामुळे चारही खूर एकाच मापाचे केले तर एखादा अधांतरी राहतो. खुरांच्या तळाला वरखाली होणारे बोल्ट बसवा. दिवाण पातळीत येईल आणि लाकूड फरशीपासून तीन-चार सूत वर राहील, साचलेल्या पाण्यात उभं राहणार नाही.

बाबांच्या दिवाणाचे खूर असेच तळातून गेले होते. स्क्रूड्रायव्हर इंचभर आत शिरला. चौकट मात्र खणखणीत होती. मी तळाचं प्लायवूड काढून पट्ट्या टाकल्या, चारही खूर नवे केले, आणि ते करताना सहा इंचांचे ठोकळे काढून टाकले. ते आता लागत नव्हते, नवे खूरच मी तेवढे उंच कापले होते.