सर्व्हरची रॅम कॅशनं भरलीय, दर तासाला रिकामी करू का?

तुम्ही लिहिलंय की धुळ्याच्या ऑफिसातल्या 16 जीबीच्या लिनक्स सर्व्हरवर ‘फ्री’ कमांड जेमतेम 300 एमबी मोकळी दाखवते, 11 जीबी कॅशनं खाल्लीय, म्हणून क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप कमांड चालवणारी सोय) दर तासाला ड्रॉप कॅशेस, म्हणजे कॅश रिकामी करायला लावणारी ओळ, लावायचा विचार आहे. कृपा करून लावू नका.

मी जळगावचा, आसपासच्या जिनिंगवाल्यांचे सर्व्हर सांभाळतो. धरणगावकडच्या एका जिनिंगमध्ये ऐन कापसाच्या सीझनला मीच ही ओळ लावली होती. तास भरला की काट्यावरची पावती अडायची. कापसाची ट्रॉली काट्यावर उभी, मागे गेटपर्यंत रांग, आणि डेटाबेस तीच खाती पुन्हा हार्डडिस्कवरून वाचत बसलेला. पाच-सात मिनिटांनी सगळं सुरळीत. दोन दिवस मी नेटवर्कच्या केबली तपासत होतो. शेवटी ओळ काढली, त्रास थांबला. उन्हात ताटकळलेल्या त्या शेतकऱ्यांचं मला अजून वाईट वाटतं.

कॅशमधली रॅम अडकलेली नसते. वाचलेल्या फाइलची पानं (बहुतेक मशीनवर 4 केबीचं एक) कर्नल (लिनक्सचा गाभा) जवळ ठेवतो, पुन्हा लागतील म्हणून. मोकळी जागा ठरावीक पातळीखाली गेली की केस्वॅपडी (रॅम मोकळी करणारा कर्नलचा भाग) जागा होतो आणि बऱ्याच वेळात न वापरलेली पानं आधी काढतो. डिस्कवर जशीच्या तशी असलेली पानं लगेच सोडता येतात. बदललेली आधी डिस्कवर लिहावी लागतात. ड्रॉप कॅशेसला ही निवड कळत नाही. बदललेली पानं ते सोडत नाही, पण बाकी कॅशमधली रोजच्या वापरातली पानंही फेकून देतं.

‘फ्री’ कमांडमधला ‘फ्री’ रकाना नको, ‘अव्हेलेबल’ रकाना बघा. 2014 च्या 3.14 कर्नलपासून प्रोग्रामना किती रॅम मिळू शकते हा अंदाज कर्नल स्वतःच देतो. एक मेख आहे: टीएमपीएफएस (रॅममध्येच ठेवलेल्या फाइली) आणि शेअर्ड मेमरी (प्रोसेसनी वाटून वापरलेली रॅम) हीही कॅशमध्येच मोजली जाते, आणि ती नुसती सोडून देता येत नाही, स्वॅपमध्येच (रॅममधलं सामान ठेवायची डिस्कवरची जागा) टाकावी लागते. त्यामुळे ‘शेअर्ड’चा आकडा मोठा असेल तर 11 जीबीतली तेवढी रॅम खरंच गुंतलेली समजा.

मग ‘व्हीएमस्टॅट 1’ गर्दीच्या वेळी दोन मिनिटं चालू ठेवा. एसआय (स्वॅपमधून रॅममध्ये येणारं) आणि एसओ (रॅममधून स्वॅपमध्ये जाणारं) हे आकडे शून्याच्या आसपास राहिले तर रॅम पुरतेय. सतत हलत असतील तर रॅम खरंच कमी पडतेय. तेव्हा कुठली प्रोसेस किती खाते ते बघू. दोन्ही कमांडचं आउटपुट इथे टाका, मी पाहतो.